राक्षसाच्या आतला माणूस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



राक्षस कसा दिसतो, असं एखाद्या लहान मुलाला विचारा. ते लगेच पाटी-पेन्सिल घेऊन चित्र काढून दाखवेल. दोन शिंगं, चार सुळे, लाल डोळे आणि पिंजारलेले केस. हाच प्रश्न मोठ्या माणसाला विचारला, तर तो जरा अडखळतो. माझा व्यवसायच असा आहे, की हा प्रश्न मला वारंवार सोडवावा लागतो. नाटक-सिनेमासाठी मी राक्षस, भुतं, म्हातारपण, जखमा आणि व्रण तयार करते. आमच्या क्षेत्रात याला 'प्रोस्थेटिक मेकअप' म्हणतात. आपल्याकडे रंगभूषा हा छान शब्द आहे. पण या कामात रंगाची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी माती असते, साचा असतो, रबर आणि सिलिकॉन असतं, एक एक करून खोवलेले केस असतात. म्हणून कुणी विचारलं, की मी सांगते, 'मी माणसांना दुसरं कातडं करून देते.'

हे काम कसं शिकायचं, यात पोट भरतं का, असं विचारणारी मुलं-मुली मला नेहमी भेटतात. त्यांचे आईवडील जरा काळजीनंच सोबत येतात. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. आपली मराठी रंगभूमी जन्माला आली तीच मुळी राक्षसांना सोबत घेऊन. १८४२ साली कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' झालं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत सोंडेचा गणपती यायचा, मोरावर बसून सरस्वती यायची आणि आरोळ्या ठोकत राक्षस रंगमंचावर उड्या घ्यायचे. त्या 'अलल्डुर्र' आरोळीवरून पुढं त्या नाटकांनाच थट्टेनं अलल्डुर्र नाटकं म्हणू लागले. कोकणातल्या दशावतारात काळ्या वेशातला संकासुर आजही मुलांना घाबरवतो आणि हसवतोही.

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट केला. पेंटर स्वतः चित्रकार आणि शिल्पकार. त्यातला कीचकवध त्यांनी इतका हुबेहूब दाखवला, की सरकारनं त्याला कात्री लावली. संगणक तर सोडाच, पडद्यावर आवाजही आलेला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्यामुळे कुणी मला 'हे हॉलिवूडचं काम' असं म्हणालं, की मी त्यांना सांगली आणि कोल्हापूरची वाट दाखवते.

पण या जुन्या रंगपटाची एक दुसरी बाजूही आहे. जुने नट तोंडाला काय लावायचे? सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म. हिंगुळात पारा असतो. सफेदा कधी जस्ताचा, तर कधी शिशाचा. हे रात्र रात्र चेहऱ्यावर बाळगून माणसं गायली, नाचली आणि पहाटे गोडेतेलानं तोंड पुसून पुढच्या गावाला निघाली. त्यांच्या कातडीचा हिशोब कुणी ठेवला नाही.

परदेशातही फार वेगळं नव्हतं. 'द विझार्ड ऑफ ऑझ' हा १९३९चा प्रसिद्ध चित्रपट. त्यातल्या पत्र्याच्या माणसाच्या भूमिकेसाठी आधी बडी एब्सन या नटाला घेतलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर अॅल्युमिनियमची पूड लावत. ती श्वासातून आत गेली आणि त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. भूमिका दुसऱ्या नटाला मिळाली आणि त्याच्यासाठी पुडीऐवजी मलम करण्यात आलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगते. राक्षस कितीही भयंकर करा, पण आत एक माणूस आहे आणि त्याला संध्याकाळी घरी जायचं आहे, हे विसरून चालत नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरी शिकले होते. माझं गाव महाबळेश्वर. आमच्या अण्णांचं बाजारपेठेत चपलांचं छोटं दुकान होतं. पुढं विक्री आणि मागं काम. दुकानात लाकडी कलबुतं ओळीनं मांडलेली असायची. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचं आणि त्या मापाच्या कलबुतावर चामडं चढवायचं. पुढं कोल्हापूरला कलाशिक्षण घेताना चेहऱ्याचा साचा काढायची पद्धत कळली, तेव्हा मला ती अनोळखी वाटलीच नाही. पायाचं कलबूत तसं हे चेहऱ्याचं कलबूत.

अण्णा रापीनं चामड्याची कड तासायचे. दोन थर जिथं जुळतात तिथं कड इतकी पातळ हवी, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. 'पोरी, कड दिसली की काम फसलं,' असं ते म्हणत. आमच्या कामात हे वाक्य जसंच्या तसं लागू पडतं. नाक, गाल किंवा कपाळाचा जो खोटा तुकडा आम्ही चिकटवतो, त्याची कड कागदापेक्षाही पातळ असावी लागते. ती त्वचेत विरून गेली पाहिजे. आजकाल कॅमेरा इतका तीक्ष्ण झालाय, की कडेचा एक केसाएवढा उंचवटाही पडद्यावर बांधासारखा दिसतो.

आता हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते थोडक्यात सांगते. आधी नटाच्या चेहऱ्याचा ठसा घ्यायचा. दंतवैद्य दातांचं माप घेताना जी भुकटी पाण्यात कालवतात, तीच आम्ही वापरतो. ती समुद्री शेवाळापासून बनते आणि त्वचेला त्रास देत नाही. हा लगदा सगळ्या चेहऱ्यावर थापायचा. डोळे मिटलेले, तोंड बंद, फक्त नाकपुड्या उघड्या. वरून प्लास्टरच्या पट्ट्या. वीसेक मिनिटं तो माणूस पूर्ण अंधारात असतो. भले भले धिप्पाड नट इथं घाबरतात. म्हणून मी त्यांचा एक हात माझ्या हातात ठेवते. एकदा दाबला म्हणजे ठीक आहे, दोनदा दाबला म्हणजे काढा. दोनदा दाबला, तर कारण न विचारता मी लगेच काढते.

त्या ठशात प्लास्टर ओतलं, की नटाच्या चेहऱ्याची प्रतिकृती मिळते. तिच्यावर मातीनं राक्षस घडवायचा. मग मातीचा साचा काढायचा, माती काढून टाकायची आणि त्या पोकळीत सिलिकॉन, फोम लॅटेक्स किंवा जिलेटिन भरायचं. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. जिलेटिन स्वस्त आणि त्वचेसारखं दिसणारं, पण मे महिन्याच्या उन्हात ते नटाच्या गालावरून ओघळू लागतं. लॅटेक्सचा फेस भट्टीत भाजावा लागतो. तो हलका असतो. सिलिकॉन हुबेहूब कातडीसारखं, पण लहरी. साच्याच्या मातीत गंधक असेल किंवा तुम्ही हातात रबरी मोजे घातले असतील, तर त्यातला एक प्रकार रुसून बसतो आणि घट्टच होत नाही. म्हणून या धंद्यात चित्रकलेइतकंच रसायनशास्त्र लागतं. शाळेत ज्यांना ते कंटाळवाणं वाटलं, त्यांना इथं ते पुन्हा भेटतं.

हे सगळं मी महाबळेश्वरच्या पावसात शिकले, हा एक फायदाच झाला म्हणायचा. आमच्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. घरांच्या भिंती गवताच्या पडद्यांनी झाकाव्या लागतात. चामड्याला बुरशी येते. प्लास्टरचा साचा आठ आठ दिवस ओला राहतो, लॅटेक्स चिकटच राहतं. अण्णा चुलीजवळ चामडं वाळवायचे, त्याच्याच बाजूला माझे साचे असायचे. जो माणूस जुलैत महाबळेश्वरला साचा वाळवू शकतो, त्याला कुठल्याही स्टुडिओची भीती वाटत नाही.

त्याच पावसानं मला माझी राक्षसांची शाळा दाखवली. क्षेत्र महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रानात जांभूळ, हिरडा, अंजनीची झाडं आहेत. पावसाळ्यात त्यांच्या खोडांवर शेवाळ चढतं, नेचे उगवतात. सालीवर दगडफूल धरतं, तेच आपण मसाल्यात घालतो. कुजक्या ओंडक्यावर आळंब्यांचे थर येतात. जांभ्या दगडाला पडलेली भोकं पाहा, वटवाघळाच्या पंखातल्या शिरा पाहा. यातलं काहीही माणसाच्या त्वचेवर आणून ठेवा, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. शिंगं आणि सुळे लागतही नाहीत.

'तुंबाड' हा २०१८ साली आलेला राही अनिल बर्वे यांचा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहात लागला, तेव्हा तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. नारायण धारपांच्या भयकथेचा धागा, सासवडचा पुरंदरे वाडा आणि सतत कोसळणारा पाऊस. त्यातली शापित म्हातारी आठवते? पुढं तिच्या अंगातून झाड उगवलेलं दिसतं. ती भीती आपल्या मातीतली आहे. आणि गंमत अशी, की ती म्हातारी केलीय मोहम्मद समद या मुलानं. नायकाच्या मुलाची, पांडुरंगची भूमिका करणारा तोच. इतक्या सुरकुत्यांच्या आत एक पोर बसलेलं होतं. मला त्या रंगभूषेचं कौतुक आहेच, पण ते ओझं वागवत अभिनय करणाऱ्या त्या मुलाचं अधिक आहे.

या विद्येतले मोठे गुरू म्हणजे अमेरिकेचे डिक स्मिथ. २०१४ साली ते गेले. १९७० सालच्या 'लिटल बिग मॅन' चित्रपटात त्यांनी डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा म्हातारा केला. एकच मोठा मुखवटा न चढवता त्यांनी चेहऱ्याचे अनेक लहान तुकडे केले, एकावर एक थोडे चढणारे. त्यामुळे आतला नट हसला की सुरकुती हसायची. 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) त्यांनी चाळिशीतल्या मॅक्स फॉन सिडोला असं वृद्ध केलं, की कित्येकांना ती रंगभूषा आहे हे कळलंच नाही. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पूर्वी वस्तादाच्या पेटीला हात लावायची सोय नसे. स्मिथ मात्र आपली गुपितं कुणालाही पत्रानं कळवत. त्यांना पत्र लिहिणाऱ्या मुलांपैकी एक होता रिक बेकर. 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) साठी त्याला ऑस्कर मिळालं, आणि पुढं त्यानं एकूण सात ऑस्कर घेतली.

आपल्याकडेही माणसं कमी नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांत रंगभूषेचा स्वतंत्र पुरस्कार २००६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिलाच मिळाला अनिल मोतीराम पालांडे यांना, 'ट्रॅफिक सिग्नल'साठी. पुढं 'बालगंधर्व'साठी तो विक्रम गायकवाड यांना मिळाला. २०२५ साली ते गेले, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं. सुबोध भावेंच्या चेहऱ्यातून गंधर्व दिसायला लागतात, ते काम एखाद्या राक्षसापेक्षा सोपं नसतं.

मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत फार वर्षं बाईला रंगभूषाकार म्हणून कार्ड मिळत नसे. केशभूषा करा, चेहऱ्याला हात लावू नका, असा तिथल्या संघटनेचा नियम होता. चारू खुराना आणि त्यांच्या सोबतच्या बायका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. मी मुंबईत आले ती त्यानंतर. मला दार उघडं मिळालं, ते कुणीतरी आधी ठोठावलं होतं म्हणून.

आता अण्णांची एक गोष्ट सांगते. वाईच्या घाटावर आमचं चित्रीकरण होतं. मे महिना. माझा पिशाच्च झालेला नट झाडाखाली बसलेला. अंगावर पूर्ण सिलिकॉन आणि केस. येणारे-जाणारे त्याच्यासोबत फोटो काढत होते. अण्णा माझं काम पहिल्यांदाच बघायला आले होते. त्यांनी त्या पिशाच्चाकडे बराच वेळ पाहिलं. छान झालंय, भीती वाटते, असं काहीच ते बोलले नाहीत. म्हणाले, 'त्याला पाणी पाजलंस का गं?'

मी नळीनं दर अर्ध्या तासानं पाणी पाजत होते. तसं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, 'बघणाऱ्याला आवडली की चप्पल खपते. पण घालणाऱ्याला चावली की परत येते.' माझ्या व्यवसायावर यापेक्षा नेमकं बोललेलं मी अजून कुठं ऐकलेलं नाही.

'घालणारा' कोण, याचा विचार मात्र पुढं थोडा लांब गेला. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचं काम माझ्याकडे आलं. मोठं काम, सहा आठवड्यांचं. खलनायकाचा चेहरा त्यांना कुष्ठरोग झालेल्या माणसासारखा हवा होता. झडलेली बोटं, बसलेलं नाक. करायला अवघड नव्हतं. पण असा चेहरा घेऊन जगणारी माणसं खरोखर आहेत. बहुविध औषधोपचारानं हा आजार पूर्ण बरा होतो, तरी व्रण राहतात आणि लोक अंतर ठेवून बोलतात. मी दुष्टपणाला तो चेहरा दिला, तर उद्या एसटीत त्या माणसाशेजारी बसायला एखादं पोर घाबरणार. ते कातडं नट संध्याकाळी उतरवून ठेवतो. त्या माणसाला उतरवता येत नाही.

मी त्यांना माझ्या रानातली चित्रं दाखवली. आळंब्यांचे थर, दगडफुलाची त्वचा, जांभ्यासारखा कपाळाचा भाग. त्यांना ती पटली नाहीत. काम दुसरीकडे गेलं. दोन महिने हातात काही नव्हतं आणि कार्यशाळेचं भाडं थांबत नाही, हेही खरं. पुढं तीच चित्रं एका बालनाट्याला उपयोगी पडली. त्यांना वनराक्षस हवा होता, तोही गाणारा. मी तोंडाभोवतीचा भाग सुट्या तुकड्यांत केला, म्हणजे त्या कॉलेजकुमाराला मोकळा आ करता यावा. पैसे थोडे मिळाले. मुलं मात्र आधी किंचाळली आणि खेळ संपल्यावर हात लावून बघायला रांगेत उभी राहिली.

यात पोट भरतं का, हा प्रश्न उरतोच. ठरलेला पगार नसतो, हे आईवडिलांना स्पष्ट सांगते. चार महिने झोप नाही आणि दोन महिने काम नाही, असं चालतं. आता संगणकावरही राक्षस तयार होतात. चेहऱ्याचा ठसा न घेता स्कॅन करून त्रिमितीय छपाई करता येते. नटाला अंधारात बसावं लागत नाही, म्हणून मला तर ते आवडतं. ज्याला मातीत हात घालता येतो, त्याला संगणक शिकणं जड जात नाही. उलट दिशेनं येणाऱ्याला वेळ लागतो.

ज्यांना शिकायचं आहे, त्यांनी आधी रोज चित्र काढावं. एखाद्या गणपतीच्या मूर्तिकाराकडे एक हंगाम राबावं. जोडसाचा कसा सुटतो ते तिथं कळतं. कवटी आणि स्नायूंचा अभ्यास करावा. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पाहावेत, पण त्यांना विचारून. डब्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कुठलंही रसायन उघडू नये. कुठलाही डिंक नटाच्या चेहऱ्याला लावण्याआधी आदल्या दिवशी त्याच्या हातावर लावून बघावा. आणि काढायला शिकावं. चिकटवणं सगळेच शिकतात. चित्रीकरण संपलं, की दिग्दर्शकासह सगळे निघून जातात. मागं राहतो तो नट आणि आपण. तेव्हा तासभर शांतपणे, तेल लावत, ओढाताण न करता त्याचा चेहरा त्याला परत द्यायचा असतो.

हीच विद्या दुसरीकडेही लागते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत नाक किंवा कान गमावलेल्यांना सिलिकॉनचा अवयव करून देणारे तंत्रज्ञ असतात. त्यांची माती, त्यांचे साचे, त्यांची पातळ कड, सगळं आमच्यासारखंच. फक्त त्यांचं काम कुणाच्याही लक्षात आलं नाही, तरच ते यशस्वी. शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एक-दोघं तरी तिकडे वळावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता माझी वेळ संपत आली. श्रोत्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी पडद्यावर एखादा राक्षस आला, की घाबरा. आम्ही त्यासाठीच राबतो. पण चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. शेवटी जी नावं भराभर वर सरकतात, त्यात आमचं नाव बारीक अक्षरात कुठंतरी असतं आणि ज्यानं ते कातडं दिवसभर घातलं, त्याचंही असतं. तेवढं वाचून मग दिवे लावा.